चकली आणि भाजणी

दिवाळीत शेजारघरून फराळाचे ताट येते. चकली कुरकुरीत असते. आपण ती खातो आणि तृप्त होतो. पण भाजणीचे प्रमाण विचारले की शेजारीणबाई हसून विषय बदलतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. चकली त्यांची, भाजणीही त्यांचीच. परंतु ते प्रमाण त्यांनाही कुणी मोकळ्या मनाने सांगितलेले असेल, तर?

संगणकाच्या जगात हा प्रश्न फार गांभीर्याने विचारला गेला आहे. तेथे माणूस प्रोग्रॅमचा जो मजकूर लिहितो, तो सोर्स कोड. तो वाचता येतो, सुधारता येतो. त्याचेच यंत्राला कळणारे रूप म्हणजे बायनरी. ती चालवता येते, पण तिच्यावरून कर्त्याचा विचार उलगडणे महाकठीण. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राचा प्रोग्रॅम सुधारायचा होता. सोर्स कोड ज्याच्यापाशी होता, त्याने तो कुणाला न देण्याचा शब्द देऊन ठेवला होता. पुढे १९८९ साली स्टॉलमन यांनी जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याचा आशय असा : खुशाल बदल करा, विकासुद्धा, मात्र बायनरी दुसऱ्याच्या हाती द्याल, तर तिचा सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे.

एमआयटीच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा परवाना अधिक सैल आहे. कर्त्याची नोंद आणि परवान्याचा मजकूर राखा, एवढेच तो मागतो. त्याखालचा सोर्स कोड घेऊन कुणी नुसती बायनरी विकली, तरी तो गुन्हा नव्हे.

मग उदार कोण? अट घालून दिलेले ते दान कसले, असे कुणी म्हणेल. मला वाटते, अट कुणासाठी आहे हे पाहावे. देणाऱ्याच्या लाभासाठी असेल, तर तो सौदा. पण येथे अट आहे ती तिसऱ्यासाठी; ज्याला देणाऱ्याने कधी पाहिलेही नाही, त्याच्यासाठी. २००३ साली लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स असल्याचे उघड झाले. लोकांनी आग्रह धरला, कंपनीने सोर्स कोड प्रसिद्ध केला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. अट नसती, तर तो हक्काने मागता आला नसता.

सामान्य माणसाला सोर्स कोड वाचता कुठे येतो, हा आक्षेप खरा आहे. पण सातबाराचा उतारा तरी प्रत्येक शेतकऱ्याला कुठे उलगडतो? तरीही तो मिळण्याचा हक्क हवा. कारण मग तो जाणत्याकडे नेता येतो. ज्याच्या हाती कागदच नाही, त्याला जाणत्याचाही उपयोग नाही.

स्वतःचे गुपित राखणे हा ज्याचा त्याचा अधिकार. पण जे आपल्याला उघडे मिळाले, ते पुढच्याला मिटवून देताना मन थोडे तरी अडखळावे. कायदा अडवो वा न अडवो.