स्वतःच्या पायांवर

भाषेंत रुळलेले कांहीं वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्यांत एखादा सिद्धान्त दडलेला आहे हें ध्यानांतच येत नाहीं. मुलगा मिळवता झाला म्हणजे तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला असें आपण म्हणतों. 'हातपाय चालत आहेत तोंवर देवानें न्यावें' हें आपल्या घरांतील वृद्धांचें मागणें असतें. आषाढांत लोणंद-फलटणच्या वाटेनें पंढरीस जाणारी पालखी आपण पाहतों, तेव्हां पायीं चालण्याचें पुण्य कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. या सर्वांमधून एक समजूत नकळत दृढ होते कीं, चालणें आणि स्वावलंबन या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत. बहुतेकांच्या आयुष्यांत या समजुतीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्यांना प्रत्येक पाऊल वेदनेनें विकत घ्यावें लागतें, त्यांच्यावर ती फार मोठा अन्याय करते.

सेरेब्रल पाल्सी हा विकार जन्मापूर्वीं, जन्माच्या वेळीं किंवा अगदीं कोंवळ्या वयांत मेंदूस झालेल्या इजेमुळें उद्भवतो. १८६१ सालीं लंडन येथील प्रसूतिशास्त्राच्या एका विद्वन्मंडळापुढें डॉ. विल्यम जॉन लिटल यांनीं अशा मुलांचें सविस्तर वर्णन मांडलें, आणि पुढें बराच काळ हा विकार त्यांच्याच नांवानें ओळखला जाई. खुद्द लिटल यांचा एक पाय बालपणच्या आजारानें वांकडा झालेला होता. १८३६ सालीं जर्मनींत हॅनोव्हर येथें स्ट्रोमायर नांवाच्या शल्यवैद्यानें टांचेमागची कंडरा कापून तो सुधारला. अधू पाय म्हणजे काय हें ते केवळ ग्रंथांतून शिकले नव्हते.

या विकारांत मेंदूवरील घाव वाढत नाहीं, म्हणून 'आतां याहून बिघडणार नाहीं' असें आईबापांस सांगण्यांत येतें. तें खरें आहे, पण अर्धेंच. घाव वाढला नाहीं तरी तो घेऊन जगणारें शरीर वाढतें, थकतें आणि झिजतें. पोटरीचे स्नायू सदैव आंवळलेले राहिल्यानें कित्येकांची टांच जमिनीस नीट टेंकत नाहीं व सारा भार चवड्यावर येतो. कोणाचा तळवा आंतल्या बाजूस कोसळून सपाट होतो, कोणाचा घोटा मुरडतो. चवड्याखालीं घट्टे पडतात, सांधे वेळेआधींच झिजूं लागतात. शिवाय तेवढेंच अंतर चालण्यास इतरांहून पुष्कळ अधिक शक्ति खर्च होते ती निराळीच. बालपणीं खटपटीनें कमावलेलें चालणें तिशी-चाळिशींत महाग पडूं लागतें तें यामुळें. आणि हा मुलांचाच विकार अशी समजूत असल्यामुळें प्रौढांच्या या दुखण्याकडे वैद्यकाचेंहि लक्ष उशिरांच वळलें.

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं राहणारा असा एखादा पस्तिशीचा कारकून कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. सकाळचीं पहिलीं दहा पावलें त्याला सर्वांत कठीण जातात, कारण रात्रभरांत पोटऱ्या आंखडलेल्या असतात. कामानिमित्त त्याला सुमारें वीस किलोमीटरांवरील सातारा गांठावयाचा असतो. एस. टी. बसच्या भाड्यांत त्याला ७५ टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी त्याच्यासाठीं एक बोटभरहि खालीं आलेली नाहीं. घरीं परतल्यावर दुसरी अडचण उभी राहते. ज्या बुटांत पायाचा आधार बसविलेला असतो, तोच बूट उंबऱ्याबाहेर काढावयाचा आणि थंड फरशीवर अनवाणी चालावयाचें. देवळांत, लग्नमंडपांत, पाहुण्यांकडे हाच प्रकार. वर कोणी कौतुकानें म्हणतो, 'आतां किती छान चालतोस!' रात्रीं घोटा सुजलेला पाहून आई विचारते, 'पाय दुखतो का रे?' आणि तो म्हणतो, 'नाहीं.'

हें 'नाहीं' कोठून येतें, याचाच विचार येथें करावयाचा आहे.

त्याचें एक मूळ आपल्या नीतिकल्पनेंत आहे. सोशिकपणास आपण मोठा गुण मानीत आलों आहों. दुःख बोलून दाखवूं नये, कण्हूं नये, ही शिकवण घरोघर दिली जाते. दुसरें मूळ अधिक खोल आहे, आणि तें म्हणजे ऋण. या मुलाला कडेवर घेऊन आईबाप वर्षानुवर्षें साताऱ्यास, पुण्यास, मुंबईस गेलेले असतात. तेलमालीश, व्यायाम, पट्ट्या, शस्त्रक्रिया यांत घरची शिल्लक सरलेली असते. ज्या दिवशीं मूल आधाराशिवाय चाललें तो दिवस घरांत सणासारखा साजरा झालेला असतो. आतां पस्तिशींत त्यानें काठी घेतली, किंवा लांबच्या अंतरासाठीं चाकांची खुर्ची मागितली, तर त्या साऱ्या श्रमांवर पाणी ओतल्यासारखें होईल, असें त्याला वाटतें. म्हणून तो चालत राहतो. खरा प्रश्न असा कीं, चालत राहणें हें त्याचें कर्तव्य आहे काय?

या ठिकाणीं एक उदाहरण विचारांत घेण्यासारखें आहे. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर अनेक वर्षें काम केलें. त्या पायांना होणाऱ्या जखमांचें मोठें कारण त्यांना बधिरतेंत आढळलें. पायांत खडा रुतला तरी कळत नाहीं, म्हणून रोगी त्यावरच चालत राहतो आणि शेवटीं पायास मुकतो. यावरून वेदना ही देहाची राखणदार आहे असें ते सांगत. आतां आपल्या सोशिक माणसाकडे पाहावें. बधिर पायाला राखणदाराची हांक ऐकूंच येत नाहीं. हा ती ऐकतो, पण न ऐकल्यासारखें करतो. परिणामाच्या दृष्टीनें दोघांत फारसें अंतर उरत नाहीं. जें सोसणें दुसऱ्या कोणाचें दुःख हलकें करतें, त्याला पुण्य म्हणावें. ज्यानें फक्त स्वतःचा घोटा लवकर झिजतो आणि घरच्यांचा गैरसमज कायम राहतो, त्याला पुण्य कसें म्हणावें?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. दुखलें कीं बसा, असें म्हटलें तर स्नायू अधिकच आंखडतील, शक्ति जाईल, व माणूस कायमचा बसेल. ही भीति निराधार नव्हे. रोज स्नायू ताणण्याचा व्यायाम, गरम पाण्याचा शेक, चवड्याखालीं मऊ गादी असलेला बूट, घोट्याला आधार देणारी स्प्लिंट, जरूर तर ताठरपणा उतरविणारें औषध किंवा इंजेक्शन, हे उपाय सोडून देऊन चालणार नाहीं. पण शिस्त निराळी आणि हट्ट निराळा. घरखर्च चालविणारा शहाणा गृहस्थ पैसा तिजोरींत कोंडूनहि ठेवीत नाहीं आणि पहिल्या आठवड्यांत उधळूनहि टाकीत नाहीं. पावलांचेंहि तसेंच आहे. स्थानकापर्यंतचें अंतर चाकांवर काढून उरलेलीं पावलें मुलीबरोबर शेताच्या बांधावर खर्च करणें, यांत शरणागति कोठें आली? मात्र हा जमाखर्च ज्याचा त्यानेंच मांडावयाचा आहे. बाहेरून पाहणाराला पाऊल दिसतें, त्याची किंमत दिसत नाहीं.

स्वावलंबन पायांत नसतें, निर्णयांत असतें, याला महाराष्ट्रांतच एक ठळक दाखला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब चाकांच्या खुर्चीवरून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत शिकल्या, पुढें लंडनला जाऊन त्यांनीं पदव्युत्तर शिक्षण घेतलें, आणि एका करंगळीनें टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलें. त्यांच्या मातोश्री डॉ. मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत अशा मुलांसाठीं जी संस्था काढली, तिचा पाया 'मूल चालेल का?' या प्रश्नाऐवजीं 'मूल शिकेल का?' या प्रश्नावर घातला गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. चालणें हें साधन आहे. त्याला साध्याच्या आसनावर बसविलें कीं, साधन झिजल्याबरोबर आयुष्यच फुकट गेल्यासारखें वाटूं लागतें.

राहिला इतरांच्या कर्तव्याचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें २१ प्रकारच्या अपंगत्वांत सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख केला, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पांच वर्षांची मुदत घातली. ती मुदत २०२२ सालीं उलटली. वरच्या मजल्यावरील कचेऱ्यांचे जिने मात्र अजूनहि ठिकठिकाणीं तसेच आहेत. हें काम सरकारचें आहे व तें मागून घेतलेंच पाहिजे. पण सुशिक्षित घरांना कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दारापाशीं बूट काढण्यासाठीं एक खुर्ची ठेवावी. घरांत घालावयाचा निराळा बूट असूं द्यावा. त्यानें सोवळें मोडत नाहीं. स्वयंपाकघरांत बसून काम करतां येईल एवढ्या उंचीचें स्टूल असावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, 'दुखतें' असें कोणी म्हणालें तर 'कालपर्यंत तर चालत होतास' असें उत्तर देऊं नये. वेदना दिवसागणिक, घटकेगणिक बदलते. काल चालला म्हणून आज खोटें बोलत आहे असें होत नाहीं.

मुलाला चालतें करण्यासाठीं झिजलेल्या आईबापांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळींच नाहीं. त्यांनीं मुलाला पावलें दिलीं. तीं कोठें खर्च करावयाचीं हें ठरविण्याचें स्वातंत्र्यहि त्या देणगींतच आलें. तें स्वातंत्र्य मनापासून देणारें घर असेल, तर आईच्या प्रश्नाला 'हो, आज फार दुखतो' असें सरळ उत्तर देण्यास मुलाला संकोच वाटणार नाहीं, आणि तें ऐकून आईलाहि आपण हरलों असें वाटणार नाहीं.