वाचनयंत्र घेतलं, ताबा कुणाचा?

ई-वाचकावर इंग्रजी कादंबरी वाचताना शब्द अडला, की त्यावर बोट दाबायचं; अर्थ लगेच समोर येतो. अहिराणी मजकुरातल्या ‘आंडेर’वर किंवा ‘बठ्ठा’वर तेच बोट दाबलं तर हाती काही लागत नाही. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी भाषेखाली नोंदलेले अठरा लाखांहून जास्त होते. धुळे-जळगावचा वाचक हे यंत्र पूर्ण किंमत मोजून घेतो, पण त्यात कोणते शब्दकोश असावेत हे ठरवताना कंपनीच्या डोळ्यांसमोर तो नसतो. म्हणून या यंत्रांचं सॉफ्टवेअर बदलण्याकडे मी हौशी तरुणांचा उद्योग म्हणून पाहत नाही. वाचकाचा तो हक्क आहे असं मी मानतो.

‘कोरीडर’ हा पुस्तकं वाचण्याचा मुक्त प्रोग्रॅम कोबो, पॉकेटबुक या वाचनयंत्रांवर चालतो आणि ॲमेझॉनच्या कुलूप उघडलेल्या किंडलवरही. कोबोच्या बाबतीत काम सोपं आहे. यूएसबी केबलने यंत्र संगणकाला जोडलं, की त्यात ‘.कोबो’ नावाचं लपलेलं फोल्डर सापडतं. कोरीडरचं फोल्डर यंत्रात उतरवायचं, तो सुरू करून देणारी ‘कोबोरूट’ ही दाबून लहान केलेली फाइल ‘.कोबो’मध्ये टाकायची आणि केबल काढायची. यंत्र या फाइलला स्वतःचंच अपडेट समजतं आणि पुन्हा सुरू होतं. मूळ प्रणाली जागेवरच राहते. तिच्या शेजारी कोरीडर येऊन बसतो.

शब्दकोशाची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कोरीडर ‘स्टारडिक्ट’ पद्धतीचे कोश वाचतो, आणि असा कोश घरी तयार करता येतो. एका ओळीत शब्द, मध्ये टॅब, पुढे अर्थ, अशी साधी मजकूर फाइल लिहायची आणि मोफत साधनाने तिचं रूपांतर करायचं. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने वहीत जमवलेले अहिराणी शब्द अशा रीतीने वाचनाच्या पानावर येऊ शकतात, त्यासाठी कुठल्याही कंपनीच्या दारात जावं लागत नाही.

दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पुस्तकांची. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत दिली आहेत. पण सहा इंची पडद्यावर मोठं छापील पान मुंगीएवढं दिसतं. कोरीडर पानाचं चित्र शब्दाशब्दांत कापतो आणि ते शब्द मोठे करून नव्या ओळींत मांडतो. इथे आपली शिरोरेषा कामी येते. तिने अक्षरं एकत्र बांधलेली असल्यामुळे दोन शब्दांमधली मोकळी जागा ठळक उरते. मात्र स्कॅन फिकट असेल तर रेषा तुटते आणि शब्दही मध्येच तुटतो.

किंडलचं कुलूप उघडणं, म्हणजे जेलब्रेक, मॉडेल आणि फर्मवेअर पाहूनच होतं. जानेवारी २०२५मध्ये ‘विंटरब्रेक’ नावाची वाट सापडली. पुढची अपडेट अशा वाटा बुजवत जातात. त्याच वर्षी फेब्रुवारीत, विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय ॲमेझॉनने बंद केली. २००९मध्ये तर ऑरवेलची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली गेली होती. कपाटातलं पुस्तक कुणी असं उचलून नेलं असतं तर आपण पोलिसांत गेलो असतो.

कायद्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणं त्यानुसार गुन्हा आहे. कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या हेतूसाठी ते उघडण्याला मात्र हे कलम आड येत नाही. चोरीची पुस्तकं भरण्यासाठी जेलब्रेक करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. मराठी लेखकाला तसंही फार थोडं मिळतं. आणि यंत्र बिघडलं तर वॉरंटीवर भिस्त ठेवता येणार नाही, हेही आधीच मनाशी धरावं.

चोरी न करता वाचण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपात आली, त्यामुळे त्या पहिल्या आवृत्तीतल्या कवितांच्या कॉपीराइटची साठ वर्षंही २०१२अखेर पूर्ण झाली. त्यांची बोली लेवा वळणाची, धुळ्याकडच्या अहिराणीहून वेगळी. म्हणजे कोशही दोन लागतील. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचंच नाव आहे. तिथल्या भाषेच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून आधी लेवा बोलीचा कोश करावा. छापील कोशांतले अर्थ घ्यायचे असतील तर संपादकांची लेखी परवानगी घ्यावी. तयार फाइल तालुक्याच्या वाचनालयांना मोफत द्यावी, म्हणजे यावल-रावेरच्या वाचकाला ती केबल लावून आपल्या यंत्रात घेता येईल.