वासरू

त्याच्या छायाचित्रांत माणसं नसत. त्याला दगडाचा पोत आवडायचा. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे टिपायला तो चारदा जाऊन आला होता. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरतात आणि काळ्या कातळात आपल्यापुरता रांजण कोरतात. त्या खळग्यांच्या गुळगुळीत कडांवर सकाळचा उजेड कसा घसरतो, ते त्याने असं पकडलं होतं की फोटोवरून हात फिरवावासा वाटे. लोणारच्या काठावर सुकलेल्या क्षाराचे पापुद्रेही त्याच्याकडे होते. एका कॅलेंडरसाठी त्याला असे बारा पोत द्यायचे होते. अकरा तयार होते. बारावा कोकणातल्या सड्याचा हवा होता.

घाटावरच्या माणसाला सडा पहिल्यांदा उजाड वाटतो. पायाखाली तांबूस-काळा जांभा, जाळीदार, चालताना बुटांखाली कुरकुरणारा. मूळचा बेसॉल्ट उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं कुजत, झिजत गेला. पावसाने त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंडाची नि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली, तोच हा दगड. खाणीत चिरे पाडताना तो मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. जूनचे पहिले पाऊस पडले की याच उजाड कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात, आणि आपण उजाड म्हणालो याची लाज वाटते.

याच सड्यांवर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची दाटी आहे. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, खाली सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात फणसमाळ. 2022 साली या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. पण नावाजलेल्या जागांचे फोटो सगळ्यांकडेच असतात. त्याला कुणी न टिपलेलं चित्र हवं होतं, आणि राजापूरकडच्या एका गावात तसं एक आहे, असं त्याला कळलं होतं. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

डिसेंबरातल्या दुपारी तो सड्यावर पोचला. दोन तास शोधूनही त्याला काही सापडलं नाही. एक म्हातारी गुरं राखत काजूच्या सावलीत बसली होती. त्याने विचारल्यावर तिने काठीने समोरचाच कातळ दाखवला.

"तू उभा हायस तिच्या पाठीवर."

तो चटकन बाजूला झाला. तरी त्याला दिसेना.

"आता नाय दिसायची," म्हातारी म्हणाली. "ऊन डोक्यावर आलं. सकाळचा ये, सूर्य निघता निघता. आणि वासरू पायजे तर शिमगा उलटल्यावर ये. आता नाय गावायचं."

तिच्या मागे तीन गाई आणि एक लंगडी पाडी चरत होती. म्हातारी गुरांबद्दल बोलतेय, एखादी गाय शिमग्यानंतर विणार असेल, असं समजून त्याने मान डोलावली. वासराशी त्याला काय करायचं होतं!

दुसऱ्या दिवशी तो अंधारातच पोचला. ट्रायपॉड अगदी खाली घेतला. सूर्याची कड वर आली आणि कातळ जागा झाला. कोरलेली रेघ आपल्याला दिसते ती तिच्यात पडणाऱ्या सावलीमुळे. सूर्य जितका खाली, तितकी उथळ खाचही सावलीने भरते. उंचावरून जमीन न्याहाळणारे पुरातत्त्वज्ञ गाडले गेलेले तट आणि खंदक शोधायला म्हणूनच सकाळ-संध्याकाळचा कलता उजेड निवडतात. त्याच्यासमोर आधी पाठीची कमान आली, मग पाय, मग शिंगं. केवढं जनावर होतं ते! तीन माणसं डोक्याला पाय लावून झोपली तरी पुरली नसती. त्याच्या अंगावर काटा आला.

वीस मिनिटं मिळाली. त्यातली निम्मी ढगाने खाल्ली. फोटो आले, पण त्याच्या मनासारखे आले नाहीत. रेघा पुसट होत्या आणि कॅलेंडरच्या पानावर त्या मरणार, हे त्याला माहीत होतं. आणखी एक पहाट थांबला असता तर कदाचित मिळाला असता त्याला हवा तो फोटो. पण रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं, छापखान्याची तारीख ठरलेली होती. या दोन गोष्टी आपल्याकडून किती नको ते करून घेतात!

तो गावातल्या दुकानात गेला आणि पांढऱ्या खडूंची पेटी घेऊन आला. पहाटे दिसलेलं चित्र आठवून आठवून त्याने रेघा भरल्या. काही ठिकाणी बोटांनी खाच चाचपली. जिथे नीट लागेना, तिथे डौल सांभाळत रेघ पुढे नेली. पोटाखाली कातळ उगीच खडबडीत होता, तिथे त्याने पोटाची रेघ सरळ ओढून घेतली. मग ड्रोन उडवला. तांबड्या कातळावर शुभ्र रेघांचं ते जनावर झगझगीत दिसलं. कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानावर ते छापलं गेलं, आणि खाली ओळ होती: कातळावरचा बैल.

त्याने जाणूनबुजून काही बिघडवलं, असं मी म्हणणार नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खडू पहिल्या झडीलाच वाहून जाणार, हा त्याचा हिशेब बरोबर होता, आणि तसा तो गेलाही. पण फोटो कुठे वाहून जातो? बैल पाहायला माणसं येऊ लागली. दुपारी येत, काही दिसत नसे. मग मोबाइलवर तो फोटो उघडून, त्यात पाहून पुन्हा खडूने भरत. एकाने फोटो पाहत पाहत काढलेली वाकडी रेघ दुसऱ्याच्या फोटोत जाई आणि तिसरा ती खरी धरून चाले. चौथ्या वर्षी कुणीतरी तैलरंगाचा डबा घेऊन आलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो पुन्हा त्या बाजूला गेला. या वेळी चिरेखाणींच्या कापलेल्या भिंती टिपायच्या होत्या. मुक्काम त्याच गावात पडला आणि पहाटे पाय आपसूक सड्याकडे वळले. म्हातारी आधीच तिथे होती. लंगड्या पाडीची आता गाय झाली होती.

"आलास वासराला?" तिने विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. तो बैलाच्या पांढऱ्या रंगाकडेच पाहत होता. कातळाच्या जाळीत रंग पार मुरलेला होता.

मग सूर्य निघाला. डिसेंबरात तो आग्नेयेकडे सरकलेला असतो, मे महिन्यात ईशान्येकडे. या दोन जागांत आकाशाचा एवढा पट्टा असतो की कातळावर पडणारा उजेड वेगळ्याच अंगाने येतो. उजेडाच्या दिशेनेच धावणाऱ्या रेघेत सावली पडत नाही, ती उजेडातच विरघळते. उजेड आडवा आला की तीच रेघ उमटते. पश्चिमेला काजूची दाट रांग असल्यामुळे संध्याकाळचं कलतं ऊन इथवर पोचत नव्हतं. म्हणजे त्या कातळावरच्या काही रेघा दिसायच्या त्या वर्षातल्या एवढ्या काही पहाटांनाच.

त्या उमटू लागल्या. मोठ्या जनावराच्या पोटाखाली, जिथे कातळ उगीच खडबडीत वाटला होता तिथे, एक लहान पाठ आली. मग लांबट मान. मान वर केलेली, तोंड कासेपाशी. उथळ, बोटाच्या पेरापेक्षाही उथळ रेघांचं वासरू होतं ते. कोरणाऱ्याने आईसाठी खोल खाच घेतली होती आणि लेकरासाठी हात हलका ठेवला होता.

बैलाच्या पोटाची म्हणून त्याने ओढलेली सरळ रेघ आता तैलरंगात पक्की झाली होती, आणि ती वासराच्या मानेवरून आरपार गेली होती.

तो खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, तुम्ही सांगितलं होतं मला."

"सांगितलं की."

"मला वाटलं, तुमच्या गुरांचं बोलताय."

"माझीच गुरं ती," म्हातारी म्हणाली. "माझ्या सासूची पण होती."

पाण्याची बाटली आणि नारळाचं सोडण घेऊन त्याने रंग घासायला सुरुवात केली. चार हात मारल्यावर सोडणाला तांबडी भुकटी लागलेली दिसली. रंग जागच्या जागी होता, दगड निघत होता. आणखी थोडं घासलं असतं तर वासराची मानच गेली असती. त्याने हात आवरला. सूर्य अजून खाली होता. त्याने कॅमेरा काढला आणि जे समोर होतं ते टिपलं.

पुढे त्याच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. गाय-वासराचा फोटो दारातून शिरताच समोर लावला होता, शेजारी कॅलेंडरचं जुनं पान. त्या पानावरच्या 'बैल' या शब्दावर त्याने स्वतःच्या हाताने काट मारली होती आणि चूक कशी झाली ते खाली चार ओळींत लिहिलं होतं. लोक थांबत, वाचत, परत वर पाहत. एका मित्राला फोटो फार आवडला. तो जवळ जाऊन म्हणाला, "एवढी एक पांढरी रेघ खटकते रे. संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. फाइल दे, मी पुसून देतो."

"नको," तो म्हणाला. "तिथून पुसली जाईल तेव्हा इथून पुसू."