ढोंग

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एस. एस. एल. सी. च्या सराव परीक्षेत एक मुलगी पेपर अर्धा टाकून उठली. छातीत धडधड, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या. "सर, मी मरते," एवढेच म्हणत होती. दवाखान्यात ई. सी. जी. निर्दोष निघाला. "काही झालेले नाही," असे डॉक्टर म्हणाले. मी त्याचा अर्थ 'ढोंग' असा लावला आणि वर्गासमोर बोलूनही दाखवला.

ज्या भीतीला बाहेर कारण नाही, ती खोटी ठरते काय? पुढे थोडे वाचले. घाबरून श्वास जोराने चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या, घेरी त्यातूनच येतात. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडले की, रोगी या खुणाच मृत्यूच्या समजतो आणि भीती आणखी चढते. म्हणजे मुलगी खोटे बोलत नव्हती, शरीराचा मजकूर चुकीचा वाचत होती. (चुकीचे वाचन शिकवून सुधारते, हे मास्तराला तरी कळावे!) हृदय, थायरॉईड तपासावेतच, पण अहवाल निर्दोष आला म्हणजे काम संपले नव्हे. मानसोपचार आहेत, लागल्यास औषधेही. टाळत जाण्याने मात्र दुखणे पसरते: आधी परीक्षा, मग बस, मग बाजार.

ती त्या वर्षी परीक्षेला बसलीच नाही.

गेल्या वर्षी खडेबाजारात भेटली. वाकून नमस्कार केला. क्षमा मागायची होती. मी तिच्या मुलाची इयत्ता विचारली.