आधी डोके की आधी हृदय?

चरकसंहितेच्या शारीरस्थानात ऋषींचा एक वाद आहे. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो? कुमारशिरा भरद्वाज म्हणतो डोके, कारण सगळी इंद्रिये तिथे. कांकायन म्हणतो हृदय, कारण तेच चेतनेचे ठिकाण. भद्रकाप्य नाभी धरून बसतो, कारण आहार तिथून येतो. बडिश हातापायांचे नाव घेतो, कारण माणसाची सारी कामे त्यांच्यावर. मारीची कश्यप मात्र सरळ सांगतो, जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर तर्क चालवू नये. (सभेत एखादा तरी असा हवाच.) शेवटी मान्य होते ते धन्वंतरीचे मत: सगळे अवयव एकदमच.

वाद शरीररचनेचा असला, तरी माणसाचे माणूसपण कशात, हेच प्रत्येकजण आपापल्या परीने सांगतो आहे.

आज एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कांकायनाला काही गुण नक्की देईल. गर्भाचे हृदय साधारण बाविसाव्या दिवशी हलू लागते. पण मेंदूचा पाया असलेली पट्टी त्याआधीच दिसू लागलेली असते, म्हणजे भरद्वाजही पुरता हरत नाही. हातापायांचे कोंब चौथ्या आठवड्याच्या अखेरीस फुटतात. बडिश मागे पडला.

खरी गोम त्याहून आधी आहे. पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या चकतीवर एक रेघ उमटते, ‘प्रिमिटिव्ह स्ट्रीक’. पुढचा-मागचा भाग आणि डावे-उजवे तिथून ठरू लागते. तोवर एका गर्भाचे दोन होऊ शकतात. नंतर सहसा नाही. एकाचे दोन होण्याची शक्यता असताना ‘ही एक व्यक्ती’ कसे म्हणायचे? ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने 1984 मध्ये प्रयोगशाळेत गर्भ वाढवण्याला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, तिच्या मुळाशी हा पेच होता. भारतातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच सीमा आहे.

चरकाला हा पेच अगदीच अनोळखी नव्हता. त्याच्या मते शुक्र आणि शोणित एकत्र येतात तेव्हाच आत्मा गर्भात उतरतो. मग जुळी कशी? वायू त्या बीजाचे जितके भाग करतो तितकी अपत्ये, ज्याच्या त्याच्या कर्मानुसार. उत्तर चतुर आहे. दुसरा आत्मा नेमका कधी आला, हे मात्र त्या श्लोकात नाही. यहुदी परंपरेत तालमुदाने पहिले चाळीस दिवस गर्भाला निव्वळ पाणी मानले. अनेक मुस्लिम धर्मशास्त्रींनी आत्म्याच्या प्रवेशासाठी 120 दिवस धरले. सूक्ष्मदर्शक नव्हता, तरी दिवस मोजण्याची गरज सगळ्यांनाच पडली.

आता त्या मोजणीचीच पंचाईत झाली आहे. 2023 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी बीजांड नाही, शुक्राणू नाही, केवळ मूलपेशींपासून चौदा दिवसांच्या गर्भासारखी रचना वाढवली. तिथे फलनच झालेले नाही. मग पहिला दिवस कोणता धरायचा?