आडात नाही, तर…

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपल्याकडे म्हणतात; आणि शिक्षकाविषयी बोलताना तर ही म्हण हटकून तोंडी येते. इंग्रजीच्या शिक्षकाच्या बाबतीत मात्र ती नुसती म्हण राहत नाही, नीतीचा प्रश्न होऊन बसते. जी भाषा आपल्याला पुरती येत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाला शिकवण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

प्रश्न काल्पनिक नव्हे. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. ती शिकवायची कोणी? तर त्याच वर्गाच्या गुरुजींनी आणि बाईंनी! त्यांतल्या पुष्कळांनी स्वतः इंग्रजीचे तोंड पाचवीत गेल्यावर पाहिले होते. परीक्षेपुरती ती पाठ केली होती. बोलण्याचा प्रसंग क्वचितच आला होता. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण पदरात घेऊन ही मंडळी फळ्यापुढे उभी राहिली.

यावर एक सोपे उत्तर फार जुने आहे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी एक परिषद भरली होती. इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा तोच तिचा आदर्श शिक्षक, हा विचार तेथून बळावला, असे पुढे रॉबर्ट फिलिप्सन यांनी दाखवून दिले आणि त्यावर टीकाही केली. पण भाषा येणे आणि ती शिकवता येणे ही एकच गोष्ट आहे काय? आपण जन्मापासून मराठी बोलतो. एखाद्या परक्या माणसाने विचारावे, ‘खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते, असे का?’ आपण हसून म्हणू, ‘असेच असते!’ उलट ‘द’ कोठे लावायचा आणि ‘अ’ कोठे, येथे आपले पोर का अडखळते, हे मराठी गुरुजींना नेमके ठाऊक असते. आपल्या भाषेत ती चीजच नाही! क्रियापद आपल्याकडे वाक्याच्या शेवटी स्वस्थ बसते. इंग्रजीत ते उठून मध्ये येते. त्या वाटेवरचा खड्डा गुरुजींनी स्वतः पडून पाहिलेला असतो.

तथापि एवढ्याने समाधान मानून चालणार नाही. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे त्याच्या मुलाला शिकवणी आहे, गोष्टींची पुस्तके आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाला इंग्रजीचे दार म्हणून एकच माणूस आहे. त्याने चुकीचे शिकवले, तर ते पोराच्या जिभेवर जन्मभर राहील. ‘माझा हेतू चांगला होता’ ही सबब तेथे अपुरी आहे.

मग अधिकार येतो कोठून? मला वाटते, प्रशिक्षणाचे खरे काम येथे सुरू होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करणारी राज्य आंग्लभाषा संस्था कित्येक वर्षे होती. पुढे तिचेच प्रादेशिक विद्या प्राधिकरण झाले. २०१६ साली राज्यात ‘तेजस’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात शिक्षकांचे स्थानिक गट करून, वेळोवेळी एकत्र जमून, परस्परांकडून शिकण्याची सोय होती. सारे गाव ज्याला गुरुजी म्हणते, त्याने चारचौघांत मोडकी इंग्रजी बोलायची! हे सोपे नाही. येथे जिभेला वळण लागते, पण त्याआधी अहंकाराला लागते.

वर्गात एखादे पोर असा शब्द विचारते, की जो गुरुजींना येत नाही. काहीतरी ठोकून देता येते. पोराला दरडावून खाली बसवता येते. किंवा ‘मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी खरोखर सांगता येते. पहिल्या दोहोंत पोर अज्ञान लपवायला शिकते. तिसऱ्यात ते शब्द तर शिकतेच, शिवाय शिकायचे कसे, हेही शिकते.

आमच्या शहराला एक जुना दाखला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने येथे नहर आणली. शहरातल्या आडांवर तो विसंबला नाही. दूरच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून खेळवीत त्याने गावात आणले. नहरीचे स्वतःचे पाणी नसते. तिच्याकडून अपेक्षा दोनच: उगमाशी संबंध तुटू नये आणि वाटेत गाळ साचू नये. इंग्रजीचा मराठी शिक्षक आड नव्हे, नहर आहे. रोज थोडे वाचणारा, कानांनी ऐकणारा, शब्दकोश हाताशी ठेवणारा शिक्षक या अधिकाराला पात्र आहे. ज्याने शिकणे सोडले तो, इंग्रजी कितीही फर्डी बोलत असला तरी, कोरडी नहर होय.

आणि हा नियम घरालाही लागू आहे. दिवाळीत पाहुणे जमले, की आपण मुलाला पुढे ओढून ‘काकांना इंग्रजी कविता म्हणून दाखव’ असे फर्मावतो. चुकला तर हसतो. त्याऐवजी त्याच्याबरोबर एखादा नवा शब्द आपणही शोधायला बसावे. आपल्यालाही तो येत नसेल, तर उत्तमच!