वेक्नाचा हात कुणी लावून घ्यायचा?

१९७९ साली निघालेल्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ची काही पानं पहिल्यांदा पाहिली की छापखान्यात काहीतरी राहून गेलं असं वाटतं. वस्तूचं नाव आहे, तिची पूर्वपीठिका आहे, ती कुणाच्या हाती होती आणि पुढे कुठे नाहीशी झाली हेही आहे. पण ती वस्तू नेमकं करते काय, हे जिथे सांगायचं तिथे नुसत्या कोऱ्या रेघा. सोबत तक्ते दिले आहेत: लहान वरदानं, मोठी वरदानं, लहान पीडा, मोठ्या पीडा, सर्वोच्च शक्ती आणि आडून येणारे परिणाम. त्यांतून निवडून प्रत्येक डंजन मास्टरने त्या रेघा स्वतः भरायच्या. गॅरी गायगॅक्स यांनी हे मुद्दाम केलं होतं. पुस्तक खेळाडूही विकत घेणार, वाचणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही टेबलावर ती वस्तू समोर आली तर तिची भीती वाटायला हवी, यासाठी ही सोय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावातून प्रकाशित झाला. कर्ते गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं, राक्षस त्याचे, हवामानसुद्धा त्याचं. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. ‘तुम्ही काय करता?’ असं डीएम विचारतो, खेळाडू सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. अशी एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. या जगांत जादूच्या तलवारी आणि अंगठ्या पैशाला पासरी मिळतात. आर्टिफॅक्ट ही त्यांच्यापलीकडची जात आहे. तशी दुसरी वस्तू जगात नाही, ती कुणाला बनवता येत नाही, सहजासहजी मोडताही येत नाही. १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीत त्यांतल्या गाजलेल्या बऱ्याच वस्तू आल्या: वेक्ना या मृत मांत्रिकाचा हात आणि डोळा, त्याच्या दगाबाज सरदाराची, कासची, तलवार, सात तुकडे झालेला राजदंड. आजही खेळणाऱ्यांत ही नावं दबक्या आवाजात घेतली जातात.

आणि बहुतेक डीएम या वस्तूंना घाबरतात. कारण उघड आहे. चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या, म्हणजे अजून कच्च्याच, पात्राच्या हाती असं काही पडलं की आखलेल्या लढाया दोन फेऱ्यांत संपतात, खलनायक कोलमडतो, महिनाभर खपून काढलेले नकाशे कपाटात जातात. म्हणून डीएम काय करतात, तर आर्टिफॅक्ट दाखवतात, पण देत नाहीत. ते खलनायकाच्या कमरेला असतं, किंवा अशा तळघरात असतं की तिथे पोचेपर्यंत कॅम्पेन संपतं. शेवटच्या सेशनला ते हाती येतं, एकदा चमकतं आणि सगळे घरी जातात. माझ्या मते ही वस्तूची नासाडी आहे. ज्याचा वापर करून झाल्यावर उद्या उजाडणार नाही, त्या सामर्थ्याची किंमत कुणाला मोजावी लागत नाही, आणि किंमत नसेल तर ते सामर्थ्य फक्त आतषबाजी ठरतं.

आर्टिफॅक्ट द्यावं, कथेच्या मध्यावर द्यावं आणि खरंखुरं द्यावं, असं मला वाटतं. कॅम्पेन बिघडण्याची भीती खरी आहे, पण तिच्या तळाशी दुसरी भीती असते. इतकी मोठी वस्तू दिली की पुढे काय घडणार हे डीएम एकटा ठरवू शकत नाही. शहर वाचवायचं की राजाला उलथायचं, हे आता खेळाडू ठरवतील. ज्या खेळात पाच माणसांनी मिळून कथा रचायची आहे, तिथे हे घडायलाच हवं. आर्टिफॅक्ट म्हणजे डीएमने आपल्या हातातला कथेचा मोठा वाटा समोरच्याला देणं. म्हणून त्या कोऱ्या रेघा मला इतक्या मोलाच्या वाटतात: नियमांच्या पुस्तकानेच तिथे आपली सत्ता सोडली आहे.

देताना मागायचं काय, हा खरा प्रश्न आहे. आणि इथे महाभारत वाढत्या वयात कानांवरून गेलेल्या माणसाला कुणी वेगळं शिकवायची गरज पडू नये. कर्णाची वासवी शक्ती घ्या. कवचकुंडलं अंगावरून उतरवून देऊन तो ती इंद्राकडून मिळवतो, म्हणजे किंमत आधीच चुकती केली आहे. ती एकदाच चालणार आणि त्याने ती अर्जुनासाठी राखली आहे. चौदाव्या दिवशी सूर्य मावळला तरी युद्ध थांबत नाही. रात्रीच्या अंधारात घटोत्कच माया पसरवतो आणि कौरवांची फळी फुटू लागते. तेव्हा कर्णाला गळ घालतात ते त्याचेच लोक: आत्ता सोड, उद्यासाठी आपण उरलो तर ना! तो सोडतो. घटोत्कच पडतो, आणि कृष्णाला आनंद का होतो ते आपल्याला ठाऊक आहे. हा प्रसंग मी डीएमच्या नजरेने पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. शस्त्राची मालकी एकाची, गरज सगळ्यांची. कर्णाला कुणी फसवलेलं नाही, कुठला शाप तिथे आड आलेला नाही. समोरचा प्रसंग असा आहे की शक्ती राखणंही चूक आणि सोडणंही चूक. अश्वत्थाम्याला सोडलेलं अस्त्र परत घेता येत नाही, अर्जुनाला येतं, ही गोष्टही अशीच. तिथे अस्त्राचं बळ सारखंच आहे, धरणारा हात वेगळा आहे.

या कसोटीवर खेळाचे छापील नियम तपासले तर काही फार चांगले निघतात आणि काही पोकळ. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये कासची तलवार म्यानातून काढली आणि मिनिटभरात तिला रक्त मिळालं नाही, तर ती धरणाऱ्याच्याच मनावर चाल करून जाते. हा सुंदर नियम आहे, कारण तो तलवार काढण्याआधी विचार करायला लावतो. नुसता धाक दाखवायला ती उपसता येत नाही. १९७९ च्या ‘व्हाइट प्लूम माउंटन’ या लॉरेन्स शिक यांच्या साहसात तीन नामांकित शस्त्रं चोरीला गेली आहेत आणि त्यांच्या मालकांना ती परत हवी आहेत. तीही किंमतच: वस्तू तुमच्या हातात, पण तिच्यावर हक्क सांगणारा कुणीतरी जिवंत आहे.

उलट, वेक्नाचा हात किंवा डोळा जोडून घेतला की पात्राची वृत्ती आपोआप दुष्ट होते, हा नियम मला पटत नाही. ज्या क्षणी खेळाडूने सर्वांत अवघड निर्णय घेतला, त्याच क्षणी त्याच्यापुढचे सगळे निर्णय नियम काढून घेतो. मोहाला बळी पडणं ही नाट्याची गोष्ट आहे. तक्त्यातली नोंद बदलणं ही कारकुनी. त्या डोळ्यातून मंत्र टाकला की दर वेळी शंभरात पाच शक्यता अशी की वेक्ना धारकाचा आत्मा ओढून गिळतो आणि शरीर डीएमच्या ताब्यात जातं. हा नियम कठोर आहे, तरी मी तो ठेवीन. धोका आधी ठाऊक असतो आणि तो पत्करायचा की नाही हे दर वेळी खेळाडूच ठरवतो. जुन्या तक्त्यांतल्या पीडा मात्र डोळे झाकून टाकलेल्या दगडासारख्या होत्या. कुणाला लागेल, का लागेल, याला काही अर्थ नसे.

एका कॅम्पेनमध्ये डीएम म्हणून मी तो हात टेबलावर आणला. वेढा पडलेलं शहर, तटाला भगदाड पडायच्या बेतात, आत हजारो माणसं. आणि देवळाखालच्या तळघरात शिशाच्या पेटीत तो काळा पडलेला, वाळून कोळ झालेला डावा हात. नियम सगळ्यांना माहीत होता: स्वतःचा डावा हात तोडून तिथे तो टेकवायचा, मग तो आपला आपण रुजतो. मला वाटलं होतं की योद्ध्याचं पात्र खेळणारा पुढे येईल. आली ती पुजारीण.

“मी लावून घेते.”

“अगं, तू? तुझा देव काय म्हणेल?”

“तुमच्यापैकी कुणी बिघडलं तर मारायचं धाडस मला होणार नाही. मी बिघडले तर तुम्हाला होईल. म्हणून मी.”

“म्हणजे आत्ताच आमच्याकडून वचन घेतेयस तू.”

“घेतेय. देणार आहेस का सांग.”

त्या संध्याकाळचा बाकी सगळा वेळ या वचनावर गेला. शहर, सैन्य, भगदाड, सगळं थांबलं होतं. चोराचं पात्र खेळणाऱ्याने वचन द्यायला नकार दिला आणि तो अखेरपर्यंत नकारावर ठाम राहिला. पुढे कथा ज्या वाटेने गेली ती त्या नकारामुळे गेली, आणि तो कुठल्याही पुस्तकात आधी छापता आला नसता.

वृत्ती बदलण्याचा नियम मी गाळला आणि त्या जागी माझी रेघ भरली: हाताची शक्ती वापरली की पुजारीण रोजच्या प्रार्थनेत ज्यांची नावं घेते त्यांतलं एक नाव तिच्या मनातून पुसलं जाईल, कुठलं, ते तिने निवडायचं. तिच्या वहीत नावांची यादी होती. आई, गुरू, मागच्या गावातला होडीवाला, पार्टीतले, म्हणजे सोबतच्या पात्रांतले, तिघे. दर वेळी पेन घेऊन नाव खोडायचं काम तिचंच. पहिलं नाव होडीवाल्याचं गेलं, चटकन. दुसऱ्या वेळी पेन बराच वेळ गुरूच्या आणि आईच्या मध्ये फिरत राहिलं. तेव्हा तटाबाहेरच्या सैन्याला किती इजा झाली हे मोजायला मी फासे टाकत होतो आणि माझ्या फाशांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

अडचणी आहेत. सर्वांत मोठी म्हणजे एकाच्या हाती आर्टिफॅक्ट आलं की बाकीचे बघे होतात. सात तुकड्यांच्या राजदंडात याचं उत्तर आहे. एक तुकडा पुढच्या तुकड्याची दिशा सांगतो, तुकडे वेगवेगळ्या पात्रांकडे ठेवता येतात, आणि ते जोडायचे की नाही हा सगळ्यांचा मिळून निर्णय होतो. १९९६ साली स्किप विल्यम्स यांनी या एका वस्तूवर अख्खं मोठं साहस रचलं, ते उगाच नाही. एकाच माणसाकडे वस्तू असेल तर कर्णाचा मार्ग आहे: ती त्याची असू द्या, पण तिची निकड दुसऱ्यांना भासू द्या.

‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’बद्दल मला फारसा उत्साह नाही. पत्ते ओढायचे, कुणाला किल्ला मिळतो, कुणाचा आत्मा कैदेत जातो. नियमाने ते आर्टिफॅक्ट नाहीतच, पण कॅम्पेन उधळण्यात त्यांच्याइतकं नाव कुणाचं नाही. मजा येते, मान्य. पण एकदा पत्ता ओढायचं ठरलं की पुढे विचार करायला जागाच उरत नाही. जो निकाल कुणाच्याच स्वभावातून निघालेला नाही, तो पचवायला पुढची सेशन्स खर्ची पडतात.

राहतो प्रश्न शेवटाचा. आर्टिफॅक्ट नष्ट कसं करायचं हे २०१४ च्या पुस्तकाने वस्तूगणिक लिहून ठेवलं आहे, आणि डीएमसाठी त्या पुस्तकातला तो सर्वांत उपयोगी मजकूर आहे, कारण प्रत्येक अट म्हणजे पुढच्या वर्षभराची कथा आहे. वेक्नाचा हात आणि डोळा दोन्ही एकाच्या शरीरावर असताना तो कासच्या तलवारीने मारला गेला, तरच ते दोन्ही जळून राख होतात. दुसरा कुठलाही उपाय यशस्वी झाल्यासारखा दिसतो आणि अवयव वेक्नाच्या एखाद्या गुप्त भांडारात पुन्हा प्रकट होतात. ही अट नीट वाचली पाहिजे. धारक खलनायकच असला पाहिजे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आमच्या पुजारणीने हात लावून घेतला होता. डोळा मिळवायचा की नाही, आणि तलवार कोण धरणार, हे पार्टीला ठरवायचं होतं. अशा वेळी डीएमने एक काम टेबलापासून दूर, फोनवर किंवा चहाच्या टपरीवर, करायलाच हवं: ज्याचं पात्र मरणार आहे त्या खेळाडूला आधी विचारायचं की हे तुला चालणार आहे का. तो नाही म्हणाला तर दुसरी वाट शोधायची, आणि ती शोधणं डीएमच्या वाट्याला येतं. तो हो म्हणाला तर बाकीच्यांना त्यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांनी तलवार उपसायची की नाही, हे त्यांच्या बळावर त्यांना ठरवू द्यायचं.